प्रबोधनकालीन निसर्गचित्रण

पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपात रुजलेली, वनस्पती व प्राणी प्रत्यक्ष पाहून रेखाटण्याची परंपरा. त्याआधी औषधी वनस्पतींच्या हस्तलिखितांतली चित्रे बहुधा जुन्या चित्रांवरूनच उतरवली जात. नकलेची नक्कल होता होता काही झाडे ओळखूही येईनाशी झाली होती. छपाई आल्यावर लाकडी ठशामुळे एकच चित्र शेकडो प्रतींत जसेच्या तसे उमटू लागले.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने 1503 मध्ये गवताच्या एका ढेकळाचे जलरंगचित्र केले. त्यात गवताची पाती, डँडेलियनची मिटलेली फुले, मातीत उतरलेली मुळे, सारे जमिनीच्या पातळीवरून पाहिल्यासारखे दिसते. हीच नजर चित्रकार हान्स वायडिट्झने ग्रंथात आणली. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो ब्रुनफेल्सच्या 1530 च्या वनस्पतिग्रंथासाठी त्याने समोरचे रोप जसे होते तसे काढले: पान सुकलेले, किडीने खाल्लेले असले तर चित्रातही तसेच. जर्मन वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनहार्ट फुक्सला हे पटणारे नव्हते. त्याच्या 1542 च्या ग्रंथातल्या पाचशेहून अधिक ठशांत एकाच रोपावर फूल आणि फळ एकत्र दिसते, कारण त्याला एखाददुसरे रोप नव्हे तर त्या जातीची ओळख दाखवायची होती. वायडिट्झची चित्रे अधिक जिवंत आहेत, पण वनस्पती ओळखायला फुक्सचीच रीत उपयोगी, आणि पुढे तीच टिकली. फुक्सने आपले दोन चित्रकार आणि ठसे कोरणारा कारागीर यांची व्यक्तिचित्रेही ग्रंथात छापली; कारागिरांना असा मान त्या काळी क्वचितच मिळे. चित्र अचूक असले तरी माहिती मात्र चुकू शके: अमेरिकेतून आलेल्या मिरचीला फुक्सने ‘कालिकतची मिरी’ म्हटले.

हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्याचा मोठा आधार घेऊन दुसरा पोर्तुगीज वैद्य क्रिश्टोव्हाँव द कोस्टाने 1578 मध्ये स्पेनमधल्या बुर्गोस येथे आपला सचित्र ग्रंथ काढला.

प्राण्यांच्या बाबतीत अडचण मोठी होती. परदेशी जनावर चित्रकारासमोर सहसा येतच नसे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने (दुसरा) दिलेला गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकेर्कने गोव्याहून पोर्तुगालच्या राजाकडे धाडला. तो 20 मे 1515 रोजी लिस्बनला उतरला. ड्यूररने त्याला कधीच पाहिले नाही. दुसऱ्याने पाठवलेले वर्णन व रेखाटन एवढ्यावर त्याने ठसा तयार केला: अंगावर चिलखतासारखे पत्रे, पायांवर खवले आणि खांद्यांवर एक जादा, पीळदार शिंग. झुरिकचा निसर्गशास्त्रज्ञ कोनराड गेस्नर याने 1551 पासून प्रसिद्ध केलेल्या प्राणिग्रंथात याच गेंड्याची प्रतिकृती घेतली. छापील चित्राचा धाक असा, की हे नसलेले शिंग दोन शतके ग्रंथोग्रंथी उगवत राहिले. अठराव्या शतकाच्या मध्यात क्लारा नावाची गेंड्याची मादी युरोपभर फिरवली गेली, तेव्हा चित्रकारांना खरा गेंडा जवळून पाहायला मिळाला आणि ड्यूररच्या ठशाची सद्दी ओसरू लागली.