पाण्याखालचा कॅमेरा आणि रोखलेला श्वास

कोल्हापुरातून मालवण-तारकर्लीला जाऊन पहिल्यांदा स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी, करणाऱ्यांचे फोटो बहुतेक वेळा सोबतचा प्रशिक्षकच काढतो. पुढे रीतसर कोर्स झाला की कॅमेरा स्वतःच्या हातात हवासा वाटतो. खरी काळजी तिथून सुरू होते. ती का, हे या कलेचा इतिहास पाहिला की कळतं.

1856 मध्ये इंग्लंडात वेमथच्या किनाऱ्यावर विल्यम थॉम्प्सन यांनी पेटीबंद कॅमेरा खांबाला लावून पाण्यात सोडला. ते स्वतः नावेतच होते. पेटीत पाणी शिरलं, तरी तळाचं पुसट चित्र उमटलं.

कॅमेऱ्यासोबत माणूस खाली उतरला तो 1893 मध्ये. फ्रान्समधल्या बान्यूल्सच्या सागरी प्रयोगशाळेत लुई बुताँ हे जीवशास्त्रज्ञ काम करत. कॅमेऱ्याची जलरोधक पेटी त्यांनी भावाच्या मदतीने बनवली. अंगावर पाणबुड्याचा जड पोशाख, नावेवरून पंपाने नळीतून येणारी हवा, आणि एका फोटोला कधी कधी अर्धा तास! उजेडासाठी ऑक्सिजनच्या पिंपावर काचेच्या हंडीत स्पिरिटचा दिवा ठेवून त्यावर मॅग्नेशियमची पूड फुंकायची. बाबूराव पेंटरांनी ज्या कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथल्या माणसाला बुताँची ही जिद्द परकी वाटणार नाही. 1926 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ लाँगली आणि छायाचित्रकार मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळ पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो घेतले, तेव्हाही मॅग्नेशियमच्या भडक्यात लाँगली गंभीर भाजले.

तोवर धोका होता तो साधनांचा, आणि पाणबुड्याच्या हवेकडे लक्ष ठेवायला वर माणसं असत. 1943 मध्ये फ्रेंच नौदल अधिकारी कुस्तो आणि अभियंता गान्याँ यांच्या ॲक्वालंग या श्वसनयंत्राने हवा पाठीवरच्या टाकीत आली, 1963 मध्ये आलेला निकोनॉस हा जलरोधक कॅमेरा वेगळ्या पेटीशिवाय पाण्यात नेता येऊ लागला. नळी सुटली, मोकळीक मिळाली. मात्र हवेचा काटा, खोली आणि जोडीदार यांच्याकडे पाहायचं काम आता फोटो काढणाऱ्यावरच आलं, आणि त्याची नजर असते माशावर.

आमच्याकडे रंकाळ्यात, पंचगंगेत, विहिरीत पोहून तयार झालेल्या पोरांना बुडी मारताना दम धरायची सवय असते. हात हलू नये म्हणून फोटोग्राफरही क्लिक करताना श्वास रोखतो. स्कुबात या दोन्ही सवयी घातक आहेत. दहा मीटरवर फुप्फुसात भरून घेतलेली हवा पृष्ठभागाशी येईपर्यंत दुप्पट होते. श्वास कोंडून वर सरकलं तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणून आधी न धडपडता, प्रवाळाला धक्का न लावता एका जागी तरंगता आलं पाहिजे, कॅमेरा त्यानंतर. तो दोरीने अंगाला अडकवावा, म्हणजे गरज पडताच हात मोकळे होतात. वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा घाई नको, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावं.

आणखी एक गोष्ट आपल्या वाटेची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे. उंचीवर हवेचा दाब घटतो आणि डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. विमानप्रवासाआधी एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर 18 तास थांबायला सांगतात ते याचसाठी. घाटाची उंची विमानाइतकी नसली, तरी दिवसभर खोल डाइव्ह केल्यावर त्याच संध्याकाळी गगनबावड्याकडे गाडी काढण्यापेक्षा मी मालवणात मुक्काम करायला सांगेन.