प्रबंधात न मावलेले गाव : अमिताव घोष यांच्या लेखनाची पार्श्वभूमी

ज्ञानपीठ पुरस्काराच्या यादीत यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे २०१४ साली आले आणि चार वर्षांनी अमिताव घोष, त्यामुळे खानदेशातील वाचकाला घोष ठाऊक असतात ते कादंबरीकार म्हणून. त्यांचे शिक्षण मात्र सामाजिक मानवशास्त्राचे आहे. १९५६ मध्ये कोलकात्यात जन्मलेले घोष दिल्लीत समाजशास्त्र शिकून ऑक्सफर्डला गेले, १९८० साली नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील एका खेड्यात राहिले आणि तेथील नातेसंबंध व अर्थव्यवहार यांवरील प्रबंधासाठी १९८२ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्या गावात संशोधकापेक्षा गावकऱ्यांचेच प्रश्न अधिक होते : तुमच्याकडे प्रेते का जाळतात, गाईला का पूजतात? एकदा तर भारतीय बनावटीचे पाणी उपसण्याचे इंजिन पारखायला त्यांनाच नेण्यात आले; यंत्रातले काही कळत नसताना त्यांनी ते गंभीरपणे न्याहाळून उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. विहिरीवरचे डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करण्यात ज्यांची सकाळ जात असे, त्या आमच्याकडच्या शेतकऱ्यांना यातली गंमत वेगळी सांगावी लागत नाही. असे प्रसंग प्रबंधात बसत नाहीत. १९८६ साली पहिली कादंबरी आली. गाव मात्र पुस्तकात उतरले ते १९९२ मध्ये, 'इन अ‍ॅन अँटिक लँड'मध्ये, बाराव्या शतकात मंगळुरात राहिलेला ज्यू व्यापारी आणि त्याचा भारतीय गुलाम यांच्या शोधाशी गुंफून.

मराठीला ही वाट अगदीच अनोळखी नव्हती. १९०९ साली जातिसंस्थेचा इतिहास इंग्रजीत लिहिणारे ज्ञानकोशकार केतकर पुढे 'ब्राह्मणकन्या'सारख्या कादंबऱ्यांकडे वळले, जरी त्यांची पात्रे अनेकदा माणसांपेक्षा प्रमेयांसारखी बोलतात. नेमाडे स्वतः मानवशास्त्रज्ञ नव्हेत. पण 'हिंदू'तील खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननातून खानदेशातील मोरगावी परततो, तेव्हा संशोधकाची नजर स्वतःच्याच घरावर वळते.

घोष १९८८ मध्ये त्या खेड्यात पुन्हा गेले, तेव्हा बरेच तरुण कामासाठी इराकला गेलेले होते आणि त्यांच्या पैशातून घरे पक्की होत होती. घरातले कोणी ना कोणी सुरतेला असलेल्या आमच्या गावांना हे चित्र परिचयाचे आहे. पुस्तक संपते ते १९९० च्या आखाती संकटात. घरी परतू पाहणाऱ्या इजिप्शियन मजुरांची गर्दी टीव्हीवर दिसते, लेखक आणि गावकरी त्या गर्दीत आपला एक तरुण शोधत राहतात, आणि तो दिसत नाही.