कॉफीचं फळ रात्रभर थांबत नाही

कॉफीचं लाल फळ झाडावरून तोडलं की त्याच्या गरातली साखर लगेच आंबायला लागते. फळांचा ढीग काही तासांत आतून तापतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला दारूसारखा वास येतो. हा वास बीमध्ये मुरला, तर पुढे ती कितीही निगुतीने भाजली तरी जात नाही. रस्त्यालगतच्या मळ्यातली फळं संध्याकाळपर्यंत ट्रकने कारखान्यात पोचतात. गाडीरस्त्यापासून तासन्‌तास चालत जावं लागतं अशा गावाला ही सोय नाही. शिवाय १ किलो हिरवी, म्हणजे वाळलेली पण न भाजलेली बी मिळायला ५ ते ६ किलो फळं लागतात. म्हणजे पाठीवरच्या ओझ्यातलं बहुतेक वजन साल, गर आणि पाण्याचंच.

म्हणून उंचावरच्या दुर्गम गावात शेतकरी फळ पिकवून थांबू शकत नाही. सोलणं, आंबवणं, धुणं, वाळवणं हे सगळं घराच्या अंगणातच होतं. डोंगर उतरून जाते ती कडक, पिवळसर कवचातली वाळलेली बी. या कवचाला धंद्यात पार्चमेंट म्हणतात.

मुळात इतक्या उंचावर लागवड कशाला? अरेबिका कॉफी ही नैर्ऋत्य इथिओपियातल्या डोंगराळ जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी वनस्पती. वर्षाचं सरासरी तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअस असेल तर ती खूश असते. वर चढताना दर १०० मीटरला हवा साधारण ०.६ अंशाने थंड होते, त्यामुळे विषुववृत्ताजवळ हा पट्टा ढोबळमानाने १,२०० ते २,००० मीटरवर सापडतो. विषुववृत्तापासून दूर गेलं की तो खाली सरकतो. हवाई बेटावरच्या कोना भागात अरेबिका १,००० मीटरच्या बऱ्याच खाली पिकते. तेव्हा पाकिटावरचा उंचीचा आकडा अक्षांशासह वाचावा, नाहीतर तो फसवतो. थंड हवेत फळ सावकाश पिकतं, बी जास्त घट्ट भरते आणि चवीत आंबट-गोड झाक टिकते.

थंडीला मात्र सीमा आहे. रात्री थंड, जड हवा पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि दरीच्या तळाशी साचते. तळाची सपाट, काळी जमीन कितीही मोहात पाडत असली तरी दहिवराचा, म्हणजे गोठलेल्या दवाचा, धोका असलेल्या भागात तिथे कॉफी लावू नये. दहिवर काय करू शकतं, हे ब्राझीलच्या पाराना राज्याने जुलै १९७५मध्ये पाहिलं. तिथल्या बहुतेक बागा काळ्या पडल्या.

कॉफीची अन्न शोषणारी मुळं बहुतांश वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये असतात आणि उतारावर सर्वांत आधी वाहून जातो तोही हाच थर. रांगा उताराला आडव्या, समपातळीवर हव्यात. तण खरवडून जमीन उघडी करणं ही सर्रास होणारी चूक. तण बुडापासून वर कापून जागेवरच पसरावं. सावलीसाठी पांगाऱ्याच्या जातीची किंवा इंगासारखी शेंगावर्गीय झाडं लावतात. ती मुळांतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतलं नत्र बांधतात आणि पाचोळ्याने जमीन झाकतात. सावली किती असावी याचं एकच उत्तर नाही. उष्ण, खालच्या उतारावर ती दाट चालते, पण धुक्याच्या माथ्यावर तेवढीच दाट ठेवली तर फुलं कमी येतात आणि पानं तासन्‌तास ओली राहतात.

एक दोष रोपवाटिकेतच पेरला जातो आणि काही वर्षांनी उघडा पडतो. बी उगवायला ६ ते ८ आठवडे लागतात. मग कोवळं रोप पिशवीत हलवताना सोटमूळ दुमडलं, तर झाड वाढतं, फळही धरतं आणि पहिल्या जबर फळाच्या किंवा कोरड्या वर्षात अचानक सुकतं. उपटून पाहावं तर मूळ गळासारखं वाकलेलं. म्हणून लांब मूळ सरळ कापून घ्यावं, ओल्या मातीत काठीने खोल भोक पाडावं आणि रोप किंचित वर ओढून मगच माती दाबावी.

फुलोऱ्याची किल्ली पावसाकडे असते. कोरड्या दिवसांत कळ्या झोपून राहतात आणि चांगली सर आली की साधारण ८ ते १० दिवसांत सगळी बाग एकदम पांढरी होते. फुलं टिकतात दोन-तीन दिवस. पाऊस तुकड्यातुकड्याने आला तर फुलोराही तसाच येतो आणि ७ ते ९ महिन्यांनी एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल फळं दिसतात. मग त्याच झाडाकडे चार-पाच वेळा यावं लागतं. दर वेळी फक्त लाल फळ तोडायचं. एका हिसक्यात फांदी ओरबाडली तर कच्च्या फळांची बीही मालात शिरते आणि कपात तुरटपणा येतो.

तोडलेली फळं पाण्यात सोडली की पोकळ, किडलेली फळं तरंगतात. ती वेगळी काढतात. उरलेली त्याच संध्याकाळी पल्परमधून, म्हणजे फळ सोलायच्या यंत्रातून जातात. हातपल्परमध्ये उंचवट्यांचा पत्रा बसवलेला दंडगोल फिरतो. तो आणि समोरची पट्टी यांच्या फटीत फळ दाबलं जाऊन बिया निसटतात. सारं काम या फटीवर अवलंबून असतं. फट अरुंद असेल तर बी चिरते आणि चिरेतून बुरशी शिरते, रुंद असेल तर न सोललेली फळं तशीच बाहेर पडतात. हंगामभर फळांचा आकार सारखा नसतो, म्हणून फट सुरुवातीलाच एकदा लावून चालत नाही. पहिली चार-पाच किलो फळं घालून बघावं आणि मग स्क्रू आवळावा.

सोललेल्या बीवर बुळबुळीत थर राहतो. तो पाण्याने निघत नाही, कारण त्यातलं पेक्टिन कवचाला घट्ट धरून असतं. टाकीत ठेवल्यावर यीस्ट, जिवाणू आणि फळातली विकरं ते सुटं करतात. उबदार हवेत १२ तास पुरतात, थंड गावात ३६ तासही लागतात. घड्याळावर विसंबू नये. मूठभर बी पाण्यात चोळावी. हाताला खडीसारखी खरखर लागली की लगेच धुवावी. आणखी सहा-आठ तास आळस केला तर आंबूस, कुजकट दाणे तयार होतात आणि असे मोजके दाणेही सबंध घाण्याची चव बिघडवतात. नवी बी जुन्या उरलेल्या बीवर ओतणं हे त्याचं नेहमीचं कारण.

धुतलेल्या बीत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. ते ११ ते १२ टक्क्यांवर आणायला ७ ते १५ दिवस लागतात. जमिनीपासून उंच जाळीच्या मांडवावर दोन-तीन सेंटिमीटरचा थर पसरून दर तासाला परतावं. भर दुपारच्या उन्हात झाकावं, नाहीतर कवच तडकतं. धुकं उतरायच्या आत पुन्हा झाकावं. वाळलेली बी भिजली तर आधीचे दिवस वाया जातात. पुरेशी न वाळवता पोत्यात भरली तर बुरशी धरते आणि काही बुरशी ऑक्रॅटॉक्सिन हे मूत्रपिंडाला घातक विष बनवतात. कवच काढलेल्या बीवर दात उमटला तर ओल आहे, दात टेकूनही बी कडक लागली तर झाली. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावीत.

धुण्याचं आंबट पाणी ओढ्यात सोडू नये, असं मी ठामपणे सांगेन. त्यातली साखर कुजताना जिवाणू ओढ्यातला ऑक्सिजन संपवतात आणि खालच्या वस्तीचं पिण्याचं पाणी नासतं. ते ओढ्यापासून दूर खणलेल्या खड्ड्यांत मुरवावं. साली मात्र शेणासोबत काही महिने कुजवल्या की उत्तम खत होतं.

पानाखाली नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा, हा बुरशीचा रोग. त्याचा बीजाणू रुजायला पानावर पाणी लागतं आणि २१ ते २५ अंशांची हवा त्याला सर्वाधिक मानवते. थंड माथे पूर्वी बऱ्याच अंशी सुरक्षित होते. २०१२-१३ सालच्या मध्य अमेरिकेतल्या साथीत मात्र उंचावरच्या बागांनाही त्याने गाठलं.

कॉफीचे पैसे वर्षातून एकदा येतात, भूक रोज लागते. मध्य अमेरिकेतल्या कॉफीगावांत हंगामाचे पैसे संपल्यापासून नवा मका हाती येईपर्यंतच्या काळाला ‘कृश महिने’ म्हणतात. त्यावरचा एक इलाज छाटणीतच आहे. कॉफी मागच्या वर्षीच्या लाकडावर फळते, त्यामुळे म्हाताऱ्या झाडाचं उत्पन्न फांद्यांच्या टोकांकडे सरकत जातं. असं खोड जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, पाणी साचू नये म्हणून तिरकं कापावं आणि आलेल्या फुटव्यांतले दोन-तीन जोमदार ठेवावेत. सगळी बाग एकदम न कापता दरवर्षी पाचवा-सहावा हिस्साच घ्यावा. त्या हिश्श्यात दोन वर्षं कॉफी नसते, पण ऊन थेट जमिनीवर पडतं, आणि तेवढ्या काळात रांगांमधून मका आणि घेवडा निघतो.