नामांतर, नामविस्तार आणि अठरा तास: विद्यापीठांच्या आवारातल्या एप्रिलची पार्श्वभूमी

एप्रिल उजाडला की महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत दोन कॅलेंडरं एकदम चालू होतात. एक प्रशासकीय इमारतीतलं. त्यात परिपत्रक निघतं, प्रतिमेला हार घातला जातो, दोन फोटो काढले जातात आणि अहवाल फाइलला लागतो. दुसरं वसतिगृहातलं. तिथे वर्गणीची पावतीपुस्तकं फिरतात, रात्री मेसमध्ये बैठका होतात, वक्त्यावरून वाद होतात आणि ग्रंथालयात अठरा तासांच्या अभ्यासाची नावनोंदणी सुरू होते. महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 11 आणि 14 एप्रिलच्या संयुक्त जयंतीला ही दोन्ही कॅलेंडरं एकाच व्यासपीठावर येतात, आणि निमंत्रणपत्रिकेवर कुणाचं नाव वर छापायचं यावरून तिथेच अडकतात. ही फारकत समजून घ्यायला मराठवाड्याकडे पाहावं लागतं.

सुरुवातीचा भाग ठाऊकच असतो. औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय 1950 मध्ये सुरू झालं आणि मराठवाडा विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 ला स्थापन झालं. म्हणजे ज्यांच्या नावासाठी पुढे लढा झाला त्या डॉ. आंबेडकरांनी उभं केलेलं महाविद्यालय विद्यापीठापेक्षा आठ वर्षांनी जुनं. नामांतराच्या बाजूचा हा सगळ्यात साधा युक्तिवाद होता. विरोधकांच्या भाषणांत त्याला थेट उत्तर क्वचितच सापडतं. ते मराठवाड्याच्या अस्मितेवर बोलत राहिले.

27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, आणि ठरावाची अंमलबजावणी थांबली. 1979 मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला. सत्याग्रह, अटका, आत्मदहनं झाली. ठराव कागदावर तसाच होता. अखेर 14 जानेवारी 1994 ला, ऐन संक्रांतीला, नाव लागलं: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. ठरावापासून साडेपंधरा वर्षं गेली होती.

इथेच तो शब्दांचा गुंता आहे. नामांतर म्हणजे जुनं नाव जाऊन नवं येणं. नामविस्तार म्हणजे जुनं तसंच ठेवून त्याच्या पुढे नवं जोडणं. 1994 ला झाला तो नामविस्तार. 'मराठवाडा' हा शब्द राहिला म्हणून विरोध निवळला, असं एक बाजू सांगते. सोळा वर्षं मागितलं ते पूर्ण मिळालं नाही, असं दुसरी बाजू सांगते. दोघांचंही खरं आहे, पण वजन सारखं नाही, कारण किंमत एकाच बाजूने मोजली होती. कार्यालयीन पत्रात 14 जानेवारी हा 'नामविस्तार दिन' असतो. लढ्याला मात्र 'नामविस्तार लढा' कुणी म्हणत नाही. तो नामांतर लढाच, आणि त्यात गेलेले नामांतर शहीदच. एकाच घटनेच्या अलीकडे एक शब्द आणि पलीकडे दुसरा, असं मराठीत फार कमी ठिकाणी झालं असेल.

दुसरा धागा कमी बोलला जातो. त्याच वर्षी विद्यापीठाचं विभाजनही झालं. 17 सप्टेंबर 1994 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला वेगळं विद्यापीठ सुरू झालं आणि नांदेड, परभणी, लातूर ही बाजू तिकडे गेली. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव (ही आताची नावं) मूळ विद्यापीठाकडे राहिले. म्हणजे नावात 'मराठवाडा' टिकला आणि कार्यक्षेत्रातला निम्मा मराठवाडा गेला. नांदेडच्या बाजूला दाखल्यावर ते नाव नको होतं म्हणून विभाजन झालं, असं तेव्हापासून बोललं जातं. अंतर आणि वाढलेली महाविद्यालयं हे अधिकृत कारण. ते खोटं नव्हतं, पण मुहूर्त बोलका होता.

1994 च्या तडजोडीची पुढे राज्याला सवयच लागली. पुणे विद्यापीठाला 2014 मध्ये सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं तेव्हा 'पुणे' राहिलं. जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाईंचं नाव जोडलं तेव्हा 'उत्तर महाराष्ट्र' राहिलं, आणि नंतर अहिल्यादेवींचं नाव आलं तेव्हा 'सोलापूर' राहिलं. जुनं नाव मागे, नवं पुढे, हे सूत्र तेच. तोटाही तोच. नाव लांबलं की रिक्षावाल्यापासून विद्यार्थ्यापर्यंत सगळे आद्याक्षरांवर येतात. मराठवाड्यातल्या विद्यापीठाला 'बामू' म्हणताना आंबेडकर आणि मराठवाडा दोन्ही एकेका अक्षरात गेलेले असतात. कोल्हापुरात 'शिवाजी विद्यापीठ' हे आटोपशीर नाव तसंच ठेवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा हाच आहे. नाव वाढवलं की ते उच्चारातून जातं, असं ते म्हणतात.

1994 हे आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. त्या वर्षीच्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदांच्या थेट निवडणुका बंद झाल्या आणि गुणवत्ता यादीवरून प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. 2016 च्या कायद्यात निवडणुका पुन्हा आल्या, पण कागदावर. प्रत्यक्ष मतदान लांबतच राहिलं. मधल्या पिढ्यांना सभा घेणं, हिशेब ठेवणं, परवानगी काढणं, विरोधी गटाला सांभाळून घेणं हे सगळं शिकायला जयंती उत्सव समिती ही एकच जागा उरली. सामाजिक न्यायाचा कार्यक्रम म्हणजे भाषण आणि हार, असं बाहेरून वाटतं. आत ती तीन महिन्यांची कार्यशाळा असते.

तिचं सगळ्यात नेमकं रूप म्हणजे सलग अठरा तास अभ्यास. बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत, या आठवणीवर हा उपक्रम उभा आहे: सकाळी 6 ते रात्री 12, ग्रंथालयाच्या वाचनकक्षात, आपापली पुस्तकं घेऊन. ऐकायला सोपा, घडवायला किचकट.

पहिली अडचण तारखेची. 14 एप्रिलला सुट्टी असते, ग्रंथालय बंद असतं आणि मिरवणुकीचाही तोच दिवस. म्हणून हा उपक्रम 12 किंवा 13 एप्रिलला घेणं बरं. अर्ज निदान पंधरा दिवस आधी द्यावा आणि प्रती वेगवेगळ्या कराव्यात: कुलसचिव, ग्रंथपाल, सुरक्षा विभाग, विद्युत विभाग. एकाच अर्जावर चौघांचे शेरे मागितले की तो तिसऱ्या टेबलावर मुक्काम करतो.

दुसरी अडचण दुपारची. मराठवाड्यात आणि विदर्भात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी 2 ते 4 मध्ये हॉल पेंगतो, आणि पुरी-भाजी व गोड ठेवलं असेल तर झोपतोच. खिचडी आणि ताक ठेवावं, जेवणाचे गट अर्ध्या अर्ध्या तासाचे करावेत. 200 जण धरले तर नाश्त्याला साधारण 16 किलो पोहे लागतात. चहा माणशी 80 मिली धरून चार फेऱ्यांचा 64 लिटर होतो. पाणी माणशी 4 लिटर, म्हणजे 20 लिटरचे 40 जार. जार एकदम मागवू नयेत. दुपारपर्यंत थंड पाण्याचं गरम पाणी होतं. सकाळी 15, दुपारी 15 आणि सातनंतर 10.

तिसरी अडचण खुर्च्यांची. संध्याकाळी सातनंतर हॉल रिकामा होऊ लागतो आणि प्रमाणपत्र वाटायच्या वेळी पुन्हा भरतो. त्यावर उपाय म्हणजे तीन सह्या: सकाळी 6.15 ला, दुपारी 1 ला आणि रात्री 11.30 ला. तिन्ही असतील त्यालाच प्रमाणपत्र. बैठक क्रमांक दिला तर जागेवरून भांडणं होत नाहीत. उद्घाटन पाच मिनिटांत आटपावं. पाहुणे दहा वाजता येऊन तासभर बोलले तर अठरा तासांतला एक तास अभ्यास न करता नुसतं ऐकण्यातच जातो.

चौथी अडचण खरी कसोटी घेणारी. मुलींच्या वसतिगृहाचं गेट मध्यरात्रीपर्यंत उघडं नसतं. नावं, खोली क्रमांक आणि परतीच्या वाहनाचा तपशील देऊन रेक्टरचं लेखी पत्र चार दिवस आधी घेतलं नाही, तर मुली रात्री नऊला उठून जातात आणि तिसरी सही फक्त मुलांची होते. समतेच्या नावाने घेतलेल्या उपक्रमात हे वर्षानुवर्षं होत आलं आहे, आणि 'मुली थांबत नाहीत' असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

अठरा तास अभ्यास आणि डीजे हा वाद याच समित्यांत दरवर्षी रंगतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद असतो. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं आणि अनेक जिल्ह्यांच्या यादीत 14 एप्रिल असतो. म्हणून 13 च्या रात्रीचा भीमगीतांचा कार्यक्रम दहाला थांबवावा लागतो आणि 14 चा बाराला. हे माहीत नसलेली समिती साऊंडवाल्याला दोन्ही रात्रींचे पैसे देऊन बसते. 2014, 2019 आणि 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता एप्रिलमध्येच होती. त्या वर्षी व्यासपीठावर कोण, बॅनरवर कुणाचा फोटो, हे निवडणूक कार्यालयाला विचारून ठरवावं लागलं. समित्या त्यामुळे सुधारल्याही: नेते टाळून अभ्यासकांना बोलावणं भाग पडलं.

इकडे परिपत्रकांचं कॅलेंडर फुगत गेलं. 26 जून, शाहू महाराजांची जयंती, राज्यात सामाजिक न्याय दिन झाला. 2015 पासून 26 नोव्हेंबर देशभर संविधान दिन झाला. 20 फेब्रुवारीचा जागतिक सामाजिक न्याय दिन आहेच. 26 जूनला प्रवेश सुरू असतात, वसतिगृहं रिकामी असतात आणि हार घालायला कर्मचारी तेवढे असतात. तरी कार्यक्रम होतो, कारण मूल्यांकनाच्या अर्जात साजऱ्या केलेल्या दिनांची नोंद मागतात आणि जिओटॅग केलेला फोटो पुरावा म्हणून जोडावा लागतो. वर्षाच्या शेवटी अहवाल चाळला तर रकाना भरलेला दिसतो. समोर किती विद्यार्थी होते याचा रकाना नसतो.

तक्रारींची बाजू याहून उशिरा आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या नियमांनी प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असं सांगितलं. तक्रारीचा निकाल 60 दिवसांत लावायचा होता. बऱ्याच ठिकाणी कक्ष म्हणजे एक पाटी, आणि तिची जबाबदारी आधीच चार समित्यांवर असलेल्या प्राध्यापकाकडे. जानेवारी 2016 मध्ये हैदराबादेतल्या एका संशोधक विद्यार्थ्याचा आणि मे 2019 मध्ये मुंबईतल्या एका निवासी डॉक्टरचा मृत्यू झाला. दोघांच्या आयांनी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जातीय भेदभावाविरुद्ध एकत्र याचिका केली, तेव्हा कुठे या पाट्यांकडे लक्ष गेलं. जानेवारी 2026 मध्ये आयोगाचे नवे नियम अधिसूचित झाले. जातीय भेदभावाच्या व्याख्येवरून मोठा गदारोळ उठला, न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली आणि 2012 चेच नियम चालू ठेवायला सांगितलं. व्याख्येत कुणाचा समावेश आणि कुणाचा नाही, हा वाद 1978 च्या भाषणांशी ओळखीचा आहे.

एप्रिलची समिती कुठून येते, याचं उत्तर मात्र यातल्या कुठल्याच कॅलेंडरात नाही. ती जुलै-ऑगस्टमध्ये जमते, शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना. गावाकडून आलेला मुलगा वसतिगृहाच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या सीनियरकडे जातो: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अडीच लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. अर्ज अडकतो तो बहुधा बँकेत. खातं आधारला जोडलेलं असतं, पण अनुदान थेट जमा होतं ते आधार ज्या खात्याशी मॅप झालेलं असतं त्या खात्यात, आणि ते खातं वेगळं, कधी शाळेत असताना उघडलेलं आणि आता बंद पडलेलं. सीनियर त्याला घेऊन बँकेत जातो, संमतीचा फॉर्म भरून घेतो, आठवड्याने पुन्हा तपासतो. मार्चअखेरीस वर्गणीचं पावतीपुस्तक हातात आलं की हाच मुलगा पहिल्या मजल्यावरच्या खोल्या वाटून घेतो.