ध्वनिमुद्रित व्याख्यानांचा लोकप्रसार : सोलापूर

लोकशाही, संविधान, जातिअंत, कामगारांचे हक्क, स्त्री-पुरुष समता अशा विषयांवर चळवळीतल्या वक्त्यांनी दिलेली व्याख्याने ध्वनिमुद्रित करून त्यांच्या प्रती हातोहात पोहोचवण्याची प्रथा. कॅसेटच्या काळात ती रुजली आणि सीडी, मेमरी कार्ड अशा वाटेने मोबाइलपर्यंत आली. भाषण भरून घेणारा, प्रत काढणारा आणि ती घेऊन दुसऱ्याच्या दारात जाणारा अशा तीन माणसांवर ती चालते, आणि बहुतेक वेळा हे तिघे म्हणजे एकच कार्यकर्ता असतो. ही प्रथा महाराष्ट्रभर आहे. सोलापूरच्या संदर्भात ती पाहिली की तिचे बळ आणि तिच्या अडचणी दोन्ही नीट कळतात. कारण इथे काम करता करता ऐकणारा मोठा वर्ग आहे आणि एका गल्लीत तीन-चार भाषा बोलल्या जातात.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात सुधारणेचा विचार बहुजनांपर्यंत आधी कानावाटे गेला. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे जलसे, पुढे आंबेडकरी जलसे आणि कामगार चळवळीची कलापथके यांनी अक्षरओळख नसलेल्या माणसाला विचारांशी जोडून घेतले. शाहीर अमर शेख हे सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले, त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून सभा घेतल्या. त्या सभांतला आवाज ज्यांनी ऐकला त्यांच्यापाशीच राहिला. सोलापूर शहराला सभांचे आणि त्यांच्यासाठी मोजलेल्या किमतीचे भान जुने आहे. १९३०च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागू झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. या चार नावांतच शहराची भाषिक आणि धार्मिक घडण दिसते.

कॅसेट : फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॉम्पॅक्ट कॅसेट आणली, आपल्याकडे ती घराघरांत पोहोचली १९८०च्या दशकात. वस्तीत टेपरेकॉर्डर आला तो गाण्यांसाठी, भीमगीते, भजने आणि कव्वाल्यांसाठी. भाषणांना हे यंत्र आयते मिळाले. १४ एप्रिलच्या जयंतीला, ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर लागणाऱ्या स्टॉलवर पुस्तकांशेजारी गाण्यांच्या आणि भाषणांच्या कॅसेटी मांडलेल्या असत. मुंबईच्या गाडीने गेलेला माणूस परतताना पिशवीत पंचशील ध्वज, दिनदर्शिका आणि एखादी कॅसेट घेऊन यायचा. ती मग घरोघर फिरायची.

भाषण भरणे हे कसबाचे काम होते. साठच्या कॅसेटमध्ये एका बाजूला तीस मिनिटे मावत, नव्वदच्या कॅसेटमध्ये पंचेचाळीस. दीड तासाचे भाषण नव्वदमध्ये बसायचे, पण तिची फीत पातळ. जुन्या टेपमध्ये ती गुंतायची आणि मग पेन्सिल घालून गुंडाळत बसावे लागे. बाजू पालटताना दोन-तीन वाक्ये हमखास जात. म्हणून सराईत माणूस घड्याळावर लक्ष ठेवून टाळ्यांची वाट पाहायचा आणि टाळ्या पडल्या की कॅसेट उलटायचा. भोंग्यासमोर ठेवलेल्या टेपमध्ये आवाज फुटतो. वक्त्याच्या टेबलावर ठेवला तर शेवटी श्रोते विचारतात ते प्रश्न ऐकूच येत नाहीत. साउंडवाला ओळखीचा असला तर ॲम्प्लिफायरमधून वायर घेतली जायची. पण मग वक्त्याचा आवाज स्वच्छ आणि सभा मुकी, असे व्हायचे. कोऱ्या कॅसेटला पैसे नसले की सिनेमाच्या जुन्या कॅसेटच्या पाठीवरच्या मोडलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावून तीवर भाषण भरत. भरून झाले की नव्या कॅसेटची खाच मोडायची, म्हणजे पोरांच्या हातून त्यावर गाणी भरली जात नाहीत. दोन कॅसेटी बसणाऱ्या डबल डेकवर प्रत काढायची आणि त्या प्रतीची पुन्हा प्रत. प्रत्येक पिढीला खरखर वाढत जायची, आणि पाचव्या-सहाव्या हातातल्या माणसाला वक्ता जणू पावसात बोलतो आहे असे ऐकू यायचे. तरी लोक ऐकत.

ऐकणारे : सोलापुरात विडी वळण्याचे काम प्रामुख्याने बायका घरी करतात. बाई कारखान्यातून तेंदूची पाने आणि तंबाखू घरी आणते, पाने भिजवते, मापाने कात्रीने कापते, मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, दोऱ्याने बांधते आणि माल परत नेऊन देते. मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. हात आणि डोळे पुरते गुंतलेले, कान मात्र दिवसभर मोकळे. केरळात कन्नूर भागातल्या विडी कामगारांनी याच मोकळ्या कानांचा उपयोग करून घेतला. एकाने मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे, बाकीच्यांनी वळत ऐकायचे आणि वाचणाऱ्याच्या वाटच्या विड्या भरून काढायच्या. क्यूबातल्या सिगार कारखान्यांत असे वाचन १८६५ पासून चालत आले. तिथे कामगार एका छताखाली बसत होते. सोलापुरात काम घराघरांत विखुरलेले असल्याने वाचक बसवणे शक्य नव्हते. टेप मात्र लावता येतो. ओट्यावर एक टेप आणि भोवती चार शेजारणी, असा छोटा वर्ग भरवायला परवानगी लागत नाही, भाडे लागत नाही आणि कोणाची मजुरीही बुडत नाही. विडी कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या तशी या बैठकीला आणखी सोय झाली. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून सोलापूरजवळच्या कुंभारी इथे उभारलेली गोदूताई परुळेकर वसाहत ही त्यातली मोठी. दहा हजार घरांची ही वसाहत २००६ मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. विडी आणि सिगार कामगारांचा १९६६चा कायदा, १९७६चा कल्याण निधी, भविष्यनिर्वाह निधी हे विषय अशा श्रोत्यांना संविधानाच्या कलमांइतकेच जवळचे असतात. चांगला वक्ता कायद्यापासून सुरुवात करून संविधानापर्यंत जातो.

यंत्रमागावर याच्या उलट परिस्थिती. खटखटीत शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, तिथे टेप काय ऐकू येणार! यंत्रमाग कामगाराचे ऐकणे पाळी सुटल्यावर, चहाच्या टपरीवर किंवा घरी.

भाषा : तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर घरी तेलुगू बोलतो. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड चालते, मुस्लिम मोहल्ल्यांत दखनी उर्दू. व्याख्याने बहुतेक मराठीत आणि तीही पुणेरी वळणाची. ‘सार्वभौम’, ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द कॅसेटवरून कानी पडतात, पण पोटात जात नाहीत. यावर कार्यकर्त्यांचा उपाय साधा आहे. टेप थांबवायचा, झालेला मुद्दा तेलुगूत किंवा कन्नडमध्ये सांगायचा, एखादे गल्लीतले उदाहरण द्यायचे आणि पुन्हा सुरू करायचा. जाहीर सभेत वक्त्याला असे मध्येच थांबवता येत नाही. ध्वनिमुद्रणाचा सगळ्यात मोठा लाभ हाच, असे म्हणायला हरकत नाही. एका तासाचे भाषण अशा बैठकीत दोन तास चालते आणि दुसऱ्या तासात बोलणारी माणसे वस्तीतलीच असतात.

विषय : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे संविधान सभेतले २५ नोव्हेंबर १९४९चे भाषण हा या व्याख्यानांचा पाया म्हणावा लागेल. संविधानिक मार्ग सोडू नका, व्यक्तिपूजा करू नका, राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीची जोड द्या, हे त्यातले तीन इशारे वेगवेगळ्या वक्त्यांच्या तोंडून पुन्हा पुन्हा येतात. लोकशाही यशस्वी होण्यासाठी काय लागते यावर ते २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात बोलले, तेही आवर्जून उद्धृत होते. त्यांच्या स्वतःच्या आवाजातले जे थोडे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, त्यातली बीबीसीची १९५५ची मुलाखत आज मोबाइलवर फिरते. याखेरीज ग्रामसभा, रोजगार हमी, २००५चा माहिती अधिकार कायदा, २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा हे नेहमीचे विषय. भाषणाची पुस्तिका होण्याची उदाहरणेही आहेत. गोविंद पानसरे यांची शिवाजी महाराजांवरची गाजलेली पुस्तिका मूळ व्याख्यानावरूनच तयार झाली.

सोलापूरचा स्वतःचा म्हणावा असा एक विषय आहे : सेटलमेंट. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, पारधी आणि इतर जमातींची कुटुंबे इथे तारेच्या कुंपणात ठेवली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कायद्याचा जाच संपला. शहरातल्या ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या नावात तो इतिहास आजही आहे. ३१ ऑगस्टच्या विमुक्त दिनाच्या भाषणांत वयस्क माणसे उठून कुंपणातल्या हजेरीच्या आठवणी सांगतात. वक्त्याचे भाषण संपल्यावरही टेप चालू ठेवावा तो यासाठी.

चिठ्ठी : कॅसेटच्या वेष्टनात एक कागद असायचा : वक्ता, विषय, स्थळ, तारीख, भरणाऱ्याचे नाव. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या चिठ्ठीवर सगळ्या प्रथेची विश्वासार्हता उभी आहे. कोण बोलले, कुठे बोलले, कोणासमोर बोलले हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, आणि कॅसेट आणून देणारा उद्या पुन्हा भेटणार असतो. एखादी गोष्ट पटली नाही तर जाब विचारायला समोर माणूस आहे.

कायदा : स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार जाहीर भाषणाचा पहिला हक्कदार भाषण करणारी व्यक्ती असते, सभा भरवणारा किंवा ध्वनिमुद्रण करणारा नव्हे. याच कायद्यात व्याख्यान देणाऱ्याला ‘सादरकर्ता’ म्हणूनही संरक्षण आहे. म्हणजे कितीही चांगल्या हेतूने प्रती काढल्या, तरी वक्त्याची संमती घेणे आवश्यक ठरते. चळवळीतले वक्ते सहसा नाही म्हणत नाहीत. तरीही सुरुवातीलाच ‘हे भाषण प्रसारासाठी ध्वनिमुद्रित होत आहे’ असे जाहीर करून घ्यावे. त्यात वक्त्याचा मान राहतो, आणि प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यालाही आपला आवाज बाहेर जाणार हे कळते. कारखानदाराविरुद्ध बोलणाऱ्या कामगार बाईसाठी हा रोजीरोटीचा प्रश्न असतो.

सीडी ते मोबाइल : एमपी-थ्री आल्यावर गणितच बदलले. चौसष्ट केबीपीएसने (सेकंदाला चौसष्ट किलोबिट या दराने) भरलेले तासाभराचे भाषण साधारण २९ एमबीचे होते. सातशे एमबीच्या एका सीडीवर अशी चोवीस भाषणे मावतात. पुढे मोबाइलच्या दुकानात गाण्यांबरोबर भाषणेही मेमरी कार्डात भरून मिळू लागली. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि व्हॉट्सॲप हेच मुख्य वाहन झाले. तिथे ध्वनिफितीला बराच काळ १६ एमबीची मर्यादा होती. त्यामुळे भाषण बत्तीस केबीपीएसवर आणून, म्हणजे तासाला साडेचौदा एमबीच्या आसपास, पाठवावे लागे. नाहीतर तुकडे करावे लागत.

तुकड्यांबरोबर चिठ्ठी गळाली, आणि हे नुकसान मोठे आहे. दोन मिनिटांच्या तुकड्याला ना तारीख, ना स्थळ, ना पुढचा-मागचा संदर्भ. पाठवणाऱ्यालाही तो कुठून आला ते माहीत नसते. नाव-गाव नसलेला मजकूर किती घात करू शकतो हे सोलापूर जिल्ह्याने सोसले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुले पळवणाऱ्यांच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. त्यांत मंगळवेढा तालुक्यातली माणसे होती. भटक्या समाजाबद्दलचा जुना संशय आणि मोबाइलवरून फिरणारी निनावी अफवा यांनी मिळून ते जीव घेतले. देशभरातल्या अशा हत्यांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. तिचा फटका व्याख्यानांच्या प्रसारालाही बसला, पण तक्रार करावी असा तो फटका नव्हे.

यातून धडा घेऊन आजही नेटाने काम करता येते. पूर्ण भाषण एकाच फायलीत ठेवायचे, फायलीच्या नावात वक्ता, गाव आणि तारीख लिहायची, सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात हीच माहिती बोलून घालायची. बोललेली माहिती फायलीचे नाव बदलले तरी पुसली जात नाही. फाइल पाठवून न थांबता आठवड्याने त्या माणसाकडे जाऊन बसणारा कार्यकर्ता असेल तरच ते भाषण वस्तीत पोहोचले असे धरावे. ‘पाहिले’ दाखवणाऱ्या निळ्या खुणांचा तिथे काही उपयोग नाही.

जतन : जुन्या कॅसेटी आता झपाट्याने जात आहेत. सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या घरात ठेवलेल्या फितीचा थर सुटतो, पावसाळ्यात बुरशी धरते, आणि बरेचदा घर बदलताना पेटीच टाकून दिली जाते. वाचवायची तर आधी कॅसेट एकदा पुढे-मागे फिरवून मोकळी करावी, टेपचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे आणि हेडफोनच्या छिद्रातून संगणकात वायर घेऊन पहिल्याच फेरीत भरावी. खराब फीत दुसऱ्यांदा वाजेलच असे नाही. खरखर काढण्याची घाई करू नये. मूळ भरलेली फाइल तशीच ठेवून साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करावी, कारण खरखरीबरोबर मागच्या रांगेतल्या बाईचा प्रश्नही पुसला जातो. कोणती कॅसेट आधी घ्यायची याचाही क्रम लावावा लागतो. नामवंत वक्त्यांची भाषणे कुठे ना कुठे दुसऱ्या प्रतीत सापडतात, छापलेलीही असतात. विडी कामगार बायकांच्या सभा, सेटलमेंटमधल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी, तेलुगू आणि कन्नडमधून झालेली प्रश्नोत्तरे यांची बहुधा एकच प्रत असते, तीही ज्याने भरली त्याच्याच घरी. त्या आधी घ्याव्यात, आणि चिठ्ठी हरवली असेल तर भरणारा हयात आहे तोवर त्याच्याकडून माहिती लिहून घ्यावी.