अहवालातला केल्विनचा आकडा कसा वाचावा

दिव्याच्या खोक्यावर त्याचे रंगतापमान, म्हणजे उजेडाचा रंग सांगणारा आकडा, ४००० केल्विन असे छापलेले असते आणि आमच्या मापनाच्या अहवालात ३८४० येते. मग खोटे कोण? बहुतेक वेळा कोणीच नाही. खोक्यावरचा आकडा हे एका पट्ट्याचे नाव असते. ३८४० त्या पट्ट्यातच बसते.

आकडा निघतो असा. वर्णपटमापक ३८० ते ७८० नॅनोमीटरपर्यंत कोणत्या लहरीत किती ऊर्जा आहे ते टिपतो. सॉफ्टवेअर त्याला १९३१ साली ठरलेले डोळ्याच्या संवेदनेचे तीन आलेख लावते आणि दिव्याचा रंग नकाशावरचा एक बिंदू होतो. तापवलेली आदर्श काळी वस्तू ज्या रंगांतून जाते, त्यांची याच नकाशावर एक वक्ररेषा असते. आपल्या बिंदूला रेषेवरची सर्वांत जवळची जागा ज्या तापमानाची, ते आपले रंगतापमान. एलईडी स्वतः तेवढी तापत नाही, हे सांगायला नकोच.

झटपट उत्तरासाठी बिंदूवरून थेट रंगतापमान काढणारे मॅक्कॅमी यांचे १९९२ चे सूत्र पुरते: प्रमाणित दिवसउजेडाचे ०.३१२७ आणि ०.३२९० हे नकाशावरचे निर्देशांक घातले की ६५०५ येते. मेणबत्तीसारख्या तांबूस उजेडात मात्र ते घसरते, म्हणून अहवालासाठी आम्ही वक्ररेषेवर प्रत्यक्ष जवळचा बिंदू शोधतो.

आता खरी गोष्ट. दिव्याच्या बिंदूपासून रेषा किती दूर आहे, हे केल्विन सांगत नाही. दोन दिवे नेमके ४००० चे असूनही शेजारी लावल्यावर एक हिरवट आणि दुसरा गुलाबीसर दिसू शकतो. रेषेपासूनचा हा फरक अहवालातल्या ‘डीयूव्ही’ रकान्यात असतो: अधिक म्हणजे हिरवटपणा, उणे म्हणजे गुलाबीपणा. तो ०.००६ च्या पुढे गेला की आम्ही लाल खूण करतो, ०.०५ ओलांडल्यावर केल्विनला अर्थच उरत नाही, तेव्हा आम्ही तो छापत नाही. दिवे निवडताना आधी हा रकाना पाहा, असे आमचे मत.

शिवाय १०० केल्विनचा फरक सगळीकडे सारखा नसतो. २७०० ला तो डोळ्याला जाणवतो, ६५०० ला सहसा नाही.

मापन तुम्हीच करून पाठवणार असाल तर दिवा प्रकाश स्थिर होईपर्यंत चालू ठेवा, बाकीचे दिवे बंद करा, रंगीत भिंतीपासून दूर राहा. मोबाइलचे फोटो पाठवू नका. कॅमेरा पांढरा रंग स्वतःच दुरुस्त करून घेतो. आम्हाला वर्णपटाची मूळ फाइल हवी.