लोणा की बुरशी? थडग्याच्या भिंतींची दोन वेगळी दुखणी

प्राचीन इजिप्तच्या नेफरतारी राणीचं थडगं आणि तुतनखामेन राजाचं थडगं, दोन्ही लक्सरला, नाईलच्या पश्चिम काठावर. दोन्हीकडे इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याबरोबर गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट या अमेरिकी जतन-संस्थेने काम केलं. आणि दोन्हींच्या भिंती पाहून लोक एकच म्हणतात, ‘ओल लागली’. ओलीचा हात दोन्हीकडे आहेच. पण नेफरतारीकडे लोणा, म्हणजे भिंतीतून फुलणारं मीठ आहे, तुतनखामेनकडे बुरशीचे डाग. एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर चित्रच हातचं जाईल.

आधी लोणा, कारण खरा घातकी तोच. नेफरतारीच्या थडग्याचा चुनखडक ठिसूळ आणि खारट. त्यावर गिलावा चढवून चित्रं काढलेली. पाणी खडकातलं मीठ विरघळवत बाहेर येतं आणि उडून जातं, मीठ मागे राहतं. पृष्ठभागावरची पांढरी भुकटी त्यातल्या त्यात बरी. वाईट ते खडक आणि गिलावा यांच्या मध्ये साचलेलं मीठ. स्फटिक वाढतात तसा गिलावा खडकापासून सुटतो, रंगासकट फुगतो आणि गळून पडतो. तोवर समोरून चित्र धडधाकट दिसतं! बॅटरीचा उजेड भिंतीलगत तिरपा टाकला की फुगवट्याची सावली पडते, हलक्या टिचकीला पोकळ आवाज येतो.

१९८६ ते १९९२ या काळातल्या कामात सफाईला हात लावण्याआधी सुटू पाहणारा गिलावा धरून ठेवण्यासाठी जपानी तुतीच्या कागदाच्या १०,०००हून जास्त पट्ट्या भिंतींवर चिकटवल्या गेल्या. मग सुटलेल्या गिलाव्यामागचं मीठ काढणं, तो पुन्हा जागेवर चिकटवणं आणि खळगे वाळू-जिप्समच्या मसाल्याने भरणं. वाळू आधी धुऊन घ्यायची, नाहीतर तिच्यातलंच मीठ आपण भिंतीत भरतो. गेलेलं चित्र नव्याने रंगवायचं नाही. आणि ओलं फडकं तर नकोच: मीठ विरघळून आत मुरतं आणि वाळताना पुन्हा फुलतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली तरी हे मीठ पाणी धरू लागतं. म्हणूनच १९९५मध्ये थडगं उघडलं तेव्हा दिवसाला १५० माणसांची मर्यादा घातली होती.

तुतनखामेनच्या दफनकक्षात भिंतभर तपकिरी ठिपके आहेत. दिसायला भयंकर, आणि बातम्याही त्यांच्याच होतात. हे थडगं शोधणारा हॉवर्ड कार्टर १९२२मध्ये आत शिरला तेव्हाही ते होतेच. मग पर्यटकांच्या श्वासाने ते वाढत असतील का? कार्टरच्या मोहिमेचा छायाचित्रकार हॅरी बर्टन याने १९२०च्या दशकात काढलेले फोटो आताच्या भिंतीशेजारी ठेवून डाग ताडून पाहिले. वाढ नाही. तपासणीत डाग सूक्ष्मजीवांचेच ठरले, पण ते जीव कधीच मेलेले. थडगं घाईने, रंग-गिलावा ओला असतानाच बंद केलं असावं, असा एक अंदाज आहे.

मेलेल्या बुरशीवर बुरशीनाशक मारून काय मिळणार? खरवडायचं म्हटलं तर डाग रंगाच्या थरात शिरलेत, डागाबरोबर रंगही निघेल. म्हणून ते तसेच ठेवले. मेहनत गेली ती भिंतींवरची धूळ काढण्यात आणि हवा खेळती ठेवणारी नवी यंत्रणा बसवण्यात.